मधला घास

सोडा फोर्क, नेब्रास्का
रविवार, ४ सप्टेंबर १९८३

डुएन,

'प्रिय' राहून गेलेलं नाही. मुद्दाम लिहिलेलं नाही.

फोन केला की तुझी आई उचलते आणि तू अंघोळीला गेलायस म्हणून सांगते. सकाळी केला तरी अंघोळ, संध्याकाळी केला तरी अंघोळ. टर्नर गावच्या माणसांना अंघोळीची फार गरज आहे हे मी लहानपणापासून म्हणत आलोय, पण तुला तिथे जाऊन जेमतेम उन्हाळा उलटलाय. असो. पत्राला ओल्या माणसाचं वावडं नसतं, म्हणून पत्र.

पहिली बातमी. शुक्रवारी आम्ही फुटबॉलच्या मोसमातला पहिला सामना जिंकला, आणि आरामात जिंकला. आता तू विचारशील, पास किती झेलले गेले? पेपर तिकडेही येतो, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. एक. तोही समोरच्या पोराच्या खांद्यावर आपटून ओरिनच्या कवेत जाऊन पडला. बाकी सगळं मी चेंडू पोटाशी धरून पळून केलं. पण जिंकलं ते जिंकलं.

दुसरी बातमी. तुझी जागा भरली. एकाच्या जागी दोघे आलेत, म्हणून कॉलर ताठ करू नकोस. आठ जणांचा संघ आणि शाळेत पोरं मोजकी, त्यामुळे ज्याला दोन हात आहेत त्याला कोच पेटझोल्डनी माझे पास झेलायला रिसीव्हर केलाय.

ओरिन श्वाब तुझ्या ओळखीचा. अजून वाढतोच आहे, आता गोठ्याच्या दारातून वाकून जातो. सांगितलं तिथे पळतो, सांगितलं तिथे थांबतो, तोंडातून शब्द काढत नाही. हात म्हणजे दोन फावडी. फावड्यावर चेंडू जितका टिकेल तितका टिकतो.

दुसरा रुबेन इबारा. बीटच्या वजनकाट्याच्या पलीकडे राहतात, ते. मागच्या वर्षापर्यंत बेसबॉल खेळायचा. पाय चांगले आहेत, पण पायापेक्षा तोंड जास्त चालतं. शुक्रवारी डावाआधीच्या घोळक्यात, सगळ्यांसमोर मला म्हणतो,

"मी मोकळा होतो."

"दिसलं मला."

"मग टाकला का नाहीस?"

"तू वळशील याची खात्री नव्हती."

"पण मी वळलो ना!"

"वळल्यावर खात्री घेऊन काय तिचं लोणचं घालू?"

तुला हे समजवावं लागायचं नाही. तू वळायच्या आधी माझ्या हातातून चेंडू सुटलेला असायचा. मी रिकाम्या गवतावर टाकायचो आणि तू मागे न बघता नेमका तिथे यायचास. रुबेन वळल्यावर टाकायचा म्हटलं तर बचाव करणारा तिथे पोचून जांभई देतो. मग आता मी रुबेनसाठी रिकाम्या गवतावर टाकू? कोणत्या भरवशावर?

गुरुवारी शाळेच्या जेवणघरात नेहमीप्रमाणे राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल होते. दोघेही माझ्या ताटलीवर नजर लावून बसलेले. पास टाकणारा क्वार्टरबॅक आपल्या रोलचा मधला मऊ घास ज्याच्या पुढ्यात ठेवेल त्याला शुक्रवारचा पहिला पास, ही रीत त्यांनाही माहीत आहे. तीन वर्षं तो घास तू खाल्लास. या वेळी मी दोघांच्या डोळ्यांत बघून स्वतःच खाल्ला. काय सुरेख लागतो रे! तीन वर्षांत एकदाही बोलला नाहीस.

आईने तुझ्या पलंगासाठी शिवणाच्या खोलीतून यंत्र हलवलं होतं, ते अजून जिन्याखालीच आहे. येता-जाता माझ्या नडगीला लागतं. तुझ्या वडिलांना टर्नरच्या साखर कारखान्यात नोकरी लागली, ठीक. त्यांना जाणं भाग होतं. तुला नव्हतं. शेवटचं वर्ष आमच्या घरी राहायचं ठरलं होतं. आणि तू टर्नरकडून खेळणार हे मला कोणाकडून कळावं? ग्लेन न्हाव्याकडून, अर्धं डोकं भादरलेलं असताना. मला उठूनसुद्धा जाता आलं नाही.

तीन वर्षं आपण दोघांनी मिळून टर्नरकडून मार खाल्ला. टर्नरला हरवल्याशिवाय मी ही शाळा सोडणार नाही, हे तुझ्या देखत बोललेलो आहे. ते अजून तसंच आहे. २८ ऑक्टोबर, आमचं मैदान. तोवर अंग पुसून ठेव.

लायल


रविवार, १८ सप्टेंबर

डुएन,

उत्तर नाही आलं. साबण संपला असेल.

शुक्रवारी आम्ही हरलो. पेपरात वाचशीलच, आणि पेपरवाल्याने 'हर्गर्टचे पास भरकटले' असं छापलंय तेही वाचशील. माझे पास भरकटत नाहीत. माझ्या हातातून चेंडू कसा सुटतो हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तो सरळ जातो, फिरत जातो आणि जायचं तिथेच जातो. तिथे माणूस नसेल तर माझा काय दोष? रुबेन बाजूच्या रेघेकडे वळतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून निघून जातो. प्रत्येक वेळी. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याकडे असा बघतो, जसा मी त्याच्या दुपारच्या डब्यावर बसलोय.

कोच म्हणाले, "लायल, जरा जवळ टाकून बघ."

मी म्हटलं, "कोच, तुम्ही त्याला जरा लांब पळायला सांगून बघा."

त्यावर त्यांनी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. किती ते विचारू नकोस.

ग्लेनच्या दुकानात गेलो की सगळे एकदम हवामानावर बोलायला लागतात. म्हणजे मी दारात येईपर्यंत 'डुएन असता तर' चाललेलं असतं. मला काही फरक पडत नाही. टर्नरच्या पेपरात तुझा फोटो पाहिला, शेवटची रेघ ओलांडतानाचा. केस काप.

पण ओरिनचं सांगण्यासारखं आहे. तो पास सोडतो हे आईच्या कानावर गेलं. तुला माहीत आहे, शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्यापुढे मुख्याध्यापकांचंही काही चालत नाही. तिने ओरिनला बोलावून घेतलं, समोर उभं केलं आणि रुन्झाच्या पावांत भरायला आणलेल्या कोबीचा एक गड्डा उचलून त्याच्या छातीवर भिरकावला. पडला.

"उचल," आई म्हणाली. "जो पडेल तो तू कच्चा खायचास."

"मिसेस हर्गर्ट, मी..."

"मीठ देईन."

दुसरा गड्डा त्याने असा झेलला, जसं कोणी झोपलेलं बाळ हातात दिलंय. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत रोज कोबी चाललाय. परवाच्या सामन्यात मी त्याला अगदी जवळचा, साधा पास टाकला आणि त्याने तो छातीशी धरून तीन पोरं अंगावर घेत फरपटत नेला. उठल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय होतं माहितीये? भूक. आईने पोरगा बिघडवलाय.

जवळचे पास ओरिन, हे ठरलं. त्याच्यावर मी डोळे मिटून टाकेन. लांबचे कोणाला टाकायचे हा प्रश्न आहे. या गुरुवारीही मधला घास मीच खाल्ला. ओरिनला द्यायला हरकत नव्हती, पण पहिला पास लांबचाच असतो, ती रीत मी मोडणार नाही.

तुमचा संघ अजून हरलेला नाही म्हणे. हरेल.

लायल


रविवार, ९ ऑक्टोबर

डुएन,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. निदान सामना होईपर्यंत तरी नाही. मी गाढव असेन, पण टर्नरला आपणहून किल्ली नेऊन देण्याइतका नाही. तरी लिहितोय, कारण हे कळलं त्या क्षणी पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं आणि दुसऱ्यांदा तुला बडवावंसं वाटलं.

बीटचा हंगाम सुरू झालाय. अर्धी शाळा ट्रकवर आहे आणि सरावाला जेमतेम माणसं येतात. काल दुपारी मी, ओरिन आणि रुबेन असे तिघेच मैदानावर होतो. रुबेन काकाचा ट्रक चालवून तिथूनच आलेला, अंगभर माती. येताना पुलाच्या वळणावर ट्रकमधून सांडलेली बीटं पोत्यात भरून घेऊन आला. मी म्हटलं, आईला देणार असशील तर ती साखरेची बीटं खायला घेत नाही.

"आईला नाही. तुला आणलीत," तो म्हणाला. "टाक पास."

तो धावला, वळला, चेंडू डोक्यावरून गेला. चेंडू जिथे पडला तिथे ओरिनने एक बीट ठेवलं. परत टाकला. परत बीट. रुबेन एका शब्दाने कुरकुरला नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. एरवी त्याला शिंक आली तरी तो भाषण करतो. पोतं निम्मं झालं तेव्हा त्याने हात वर केला आणि मला बोलावलं.

डुएन, ती सगळी बीटं एका ढिगात होती. तुझ्या अंघोळीच्या टबात मावतील एवढ्या जागेत. मी त्याच्याकडे विजयी नजरेनं बघितलं. म्हटलं, "बघ! आणि म्हणे पास भरकटतात!"

"तेच म्हणतोय मी," रुबेन म्हणाला. "तुझा नेम चुकतच नाही. इतका नेम धरून मारतोयस म्हणजे इथे कोणीतरी उभा आहे. कोण आहे, तेवढं सांग."

"कोणी नाहीये."

"मग तू कोणाला टाकतोयस?"

ओरिन बोलला. ओरिन, जो वर्षातून दोनदा तोंड उघडतो, एकदा नाताळात आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे.

"डुएनला," तो म्हणाला.

घरी येऊन मी कोचचं डावांचं पुस्तक उघडलं. त्यात रेघ सरळ वर जाते आणि काटकोनात बाहेर वळते. रुबेन तसाच वळतो, सुरीने कापल्यासारखा. तू कधीच तसा वळला नाहीस. सहावीत तू ट्रकच्या कडेवरून चालून दाखवायला गेलास आणि घोटा मोडून घेतलास, तेव्हापासून तू त्या पायावर जोर देत नाहीस. तू गोल वळतोस, आणि गोल वळताना दोन पावलं पुढे निघून जातोस. मी इतकी वर्षं तिथे टाकत आलो, की ती तुझ्या घोट्याची जागा आहे हे मी विसरूनच गेलो. मला वाटायचं पास तिथेच असतो. सगळ्या जगात.

दोन महिने मी त्या पोराला शिव्या घातल्या, आणि तो बरोबर जागी उभा होता.

मी त्याला सॉरी म्हटलं. मला वाटलं आता भाषण होणार. त्याने फक्त ढीग पायाने बाजूला केला, स्वतःच्या जागेवर एक बीट ठेवलं आणि म्हणाला, "मला मारायचं नाही. याला मार." मग अंधार पडेपर्यंत मी एका बीटावर चेंडू मारत होतो. सुरुवातीचे सगळे पुढेच गेले, तुझ्याकडे. हात ऐकतच नव्हता. आपल्याच हाताला असं समजावत बसावं लागतं, ही काय वेळ आणलीस माझ्यावर!

आता हे पत्र जात नाहीच आहे, तर लिहून टाकतो. तू गेलास त्याचं मला फार वाईट वाटलं. टर्नरला गेलास म्हणून नव्हे. मला सांगितलं नाहीस म्हणून. तू मला न सांगता एकदाही वळला नव्हतास.

लायल


गुरुवार, २७ ऑक्टोबर

डुएन,

हेही त्या आधीच्याच पाकिटात राहणार.

उद्या. दोन्ही संघ एकदाच हरलेत, म्हणजे उद्या जो जिंकेल तो पुढच्या फेरीत जाईल आणि जो हरेल त्याचं शाळेतलं फुटबॉल उद्याच संपेल. तुझं किंवा माझं. दोघांपैकी एकजण उद्या शेवटचं हेल्मेट काढणार.

टर्नरच्या पेपरात तुमचे कोच म्हणालेत की बचावात इबाराच्या अंगावर डुएन कॉफमनला ठेवू, कारण हर्गर्टला तो आतून-बाहेरून ओळखतो. खरं आहे. ओळखतोस. म्हणजे जूनपर्यंत ओळखत होतास.

गेले दोन शुक्रवार रुबेनने माझे लांबचे पास झेललेत. सगळे नाही, पण झेललेत. वळायच्या आधी सोडतो मी आता. हाताला कळलंय. फक्त कोणी अंगावर धावून आलं, घाई झाली, की हात जुन्या रस्त्याने जातो. ते मला माहीत आहे आणि रुबेनला माहीत आहे. तिसऱ्या कोणाला माहीत नाही.

आज दुपारी जेवणघरात मी रोल उलगडला, मधला घास काढला आणि रुबेनच्या ताटलीत ठेवला. आई वाढायचा डाव हातात धरून खिडकीतून बघत होती.

रुबेनने तो घास बोटाने उलटा करून बघितला. मग म्हणाला, "मला दालचिनी आवडत नाही."

"काय?"

"लहानपणापासून नाही आवडत. वास येतो."

"दोन महिने तू माझ्या ताटलीकडे काय बघत होतास मग?"

"देतोस का ते बघत होतो."

आणि त्याने तो खाल्ला. औषध घेतल्यासारखं तोंड केलं, पण कण ठेवला नाही. ओरिनने टाळ्या वाजवल्या. मला हसू आवरेना. उद्या आम्ही जिंकणार, डुएन. मला याआधी एवढी खात्री कधी वाटली नव्हती, तू असतानाही नाही.

लायल


शनिवार, २९ ऑक्टोबर

प्रिय डुएन,

काल सामन्यानंतर रांगेत हात मिळवताना तू मला एवढंच म्हणालास, "तिथे टाकला नाहीस." मला उत्तर सुचलं नाही. मागे रांग होती, तू पुढे गेलास. आज सुचलंय, म्हणून हे पत्र. सोबत दोन जुनी आहेत, टाकायची राहून गेलेली. आधी ती वाच. मी थांबतो.

वाचलीस?

मग आता पहिल्या पासाचं तुला नवल वाटणार नाही. सगळ्या गावाला ठाऊक होतं की पहिला पास रुबेनला जाणार, तुलाही ठाऊक असणार, रीत तुझीच आहे. रुबेन धावला, तुमचा तो लालबुंद जाड्या माझ्या अंगावर आला आणि माझा हात सुटला तो थेट जूनमध्ये. तू तिथे, तुझ्या त्या जुन्या जागी, उभाच होतास. तुला एक पाऊलही टाकावं लागलं नाही. चेंडू हातात आल्यावर तू माझ्याकडे बघून हसलास. किती दिवसांनी हसताना पाहिलं तुला. पण तू चेंडू घेऊन चुकीच्या बाजूला पळत होतास, म्हणजे माझ्या दृष्टीने चुकीच्या.

त्यानंतर कोचनी मला लांब टाकायलाच बंदी केली. ओरिनला जवळचे टाकत आणि पळत आम्ही कसेबसे तुमच्या पाठोपाठ गुण मिळवत आलो. कोबी कामी आला, हे तुझ्या दंडावरच्या निळ्या डागाला विचार. पण शेवटी तुम्ही पुढेच होतात आणि आमच्या हातात एक डाव उरला होता. चेंडू शेवटच्या रेघेच्या एवढा जवळ, की प्रेक्षकांतल्या आईचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता.

कोच कडेवरून ओरडले, "चेंडू धर आणि पळ, लायल! टाकायचा नाही!"

घोळक्यात सगळे माझ्याकडे बघत होते. रुबेन श्वास घेत होता. मग म्हणाला, "तो पहिला पास माझा होता. तू तो डुएनला दिलास. माझा अजून यायचाय."

"कोच मला मारतील."

"रेघ ओलांडल्यावर नाही मारणार."

"आणि माझा हात परत तिकडे गेला तर?"

त्याने खांदे उडवले. "मी माझ्या जागेवर असेन. तुझ्या हाताचं तू बघ."

डुएन, याला काय म्हणायचं? दोन महिने ज्याला मी शिव्या घातल्या, ज्याचा पहिला पास मी सगळ्या गावादेखत दुसऱ्याला दिला, तो मला सांगत होता की तो मागे बघणार नाही. मी इतके दिवस विचार करत होतो, मी याच्यावर भरवसा ठेवू का? त्याने माझ्यावर का ठेवावा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी रुबेनचा डाव पुकारला.

पुढचं तू जवळून पाहिलंस, पण तुझी पाठ होती म्हणून सांगतो. चेंडू माझ्याकडे आला. तोच जाड्या परत अंगावर. तू रुबेनसमोर उभा होतास. रुबेन सुटला आणि तू त्याला सोडून दिलंस. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तू वळलास, माझ्याकडे पाठ केलीस आणि गोल वळसा घेत सरळ तुझ्या जागेकडे धावलास. मान वळवली नाहीस. चेंडू माझ्या हातातून सुटायचा होता आणि तू निघाला होतास. इतकी वर्षं धावत आलास तसाच.

आणि माझा हात रुबेनकडे गेला.

लोक विचारतात, ठरवून केलंस का? कॉफमनला मुद्दाम चकवलंस का? ग्लेनने तर आज सकाळी केस फुकट कापले. हो म्हणायला मला आवडलं असतं. पण तू तिकडे धावशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला फक्त एक बीट दिसत होतं, आणि त्यावर मी मारला. रुबेनने वळून हात वर केले तेव्हा चेंडू त्याच्या बोटांशी होता. चेंडू धरूनच तो रेघेपलीकडे पडला. मग सगळं मैदान त्याच्या अंगावर पडलं.

मी मात्र तुझ्याकडे बघत होतो. तू तुझ्या जागेवर दोन्ही हात पुढे करून उभा होतास. हात रिकामे.

तेव्हा हे त्याचं उत्तर. नाही टाकला तिथे. पण काल त्या मैदानावर माझ्या हातावर सगळ्यात जास्त भरवसा कोणाचा होता, हे मला त्या क्षणी कळलं. तू मला सोडून गेलास असं मी उन्हाळाभर समजत होतो. सोडून गेलेला माणूस असा पाठ करून धावत नाही. आणि मी त्याच भरवशावर तुला हरवलं. मला त्याचं वाईट वाटत नाही, टर्नरला हरवायचंच होतं. पण तुला सांगायला हवं होतं.

आणि तू जाताना मला का नाही सांगितलंस, तेही आता जरा कळतंय. सांगितलं असतंस तर मी तुला जाऊ दिलं नसतं, आणि तुझे वडील त्या कारखान्यात एकटे पडले असते. कळतंय म्हणजे माफ केलंय असं नाही. अर्धं डोकं भादरलेलं होतं माझं.

रुबेन विचारत होता, तुझा घोटा कसा आहे. म्हणतो, गोल वळण्यातही मजा आहे, शिकून बघायला हवं. मी म्हटलं, त्यासाठी आधी ट्रकवरून पडावं लागतं.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर मैदान रिकामं असतं. जिन्याखालचं यंत्र आईने अजून हलवलेलं नाही, ती म्हणते कोणी रात्री राहायला आलं तर खोली असावी. तू धाव. मागे बघू नकोस. माझ्या हाताला आता दोन्ही जागा माहीत आहेत.

पाकिटाबरोबर कागदात गुंडाळलेलं एक लहान पुडकं आहे. आईने एक अख्खा रोल दिला होता. बाकीचा मी खाल्ला, मधला घास तेवढा तुला पाठवतोय. पोचेपर्यंत वाळून जाईल.

तरी खा. पहिला पास तुझा आहे.

तुझा
लायल